दहावीनंतर आयबी: सायन्स-कॉमर्स-आर्ट्सच्या पलीकडचा हा पर्याय कोल्हापूरच्या मुलांना कितपत परवडणारा?

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न असतो. सायन्स घ्यायचं की कॉमर्स? सायन्स घेतलं तर ग्रुप कुठला, मॅथ्स की बायोलॉजी? आणि क्लास कुठला?

आर्ट्सचा विषय निघतो तो बहुतेक वेळा टक्के कमी पडल्यावरच.

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. त्यामुळे कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या मुलांनाही आता पसंतीक्रम भरून कॉलेज मिळतं. पण त्या फॉर्ममध्ये एक पर्याय दिसत नाही आणि दिसणारही नाही. तो म्हणजे आयबी, इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा डिप्लोमा प्रोग्रॅम. तो राज्य मंडळाचा नाही आणि त्याचे प्रवेश प्रत्येक शाळा आपापल्या पातळीवर देते.

"आमच्या पाहुण्यांचा मुलगा पुण्यात आयबी करतोय", असं आता कोल्हापुरातही ऐकायला मिळतं. बारावीच्या वयाच्या मुलाला विज्ञान, इतिहास, भाषा, गणित आणि चित्रकला एकत्र शिकता येते, ही कल्पना पालकांना आवडते. पण पुढे काय? नीट, जेईई, सीईटीचं काय? फीचं काय? आणि मूल परत आपल्याच राज्यात शिकायचं म्हणालं तर?

आयबी म्हणजे नेमकं काय?

आयबी ही संस्था 1968 मध्ये जिनिव्हात स्थापन झाली. नोकरीनिमित्त देश बदलणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल अशी शाळेची शेवटची परीक्षा हवी होती. त्यातून 16 ते 19 वयोगटासाठी दोन वर्षांचा डिप्लोमा आला. लहान वर्गांचे कार्यक्रम नंतर सुरू झाले.

भारतात आयबी पहिल्यांदा आलं तमिळनाडूतल्या कोडाईकॅनाल इंटरनॅशनल स्कूलमध्ये, 1976 साली. महाराष्ट्रातलं ठळक नाव म्हणजे पुण्याजवळ मुळशी तालुक्यातलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. ते 1997 मध्ये सुरू झालं. आज देशात दोनशेहून अधिक आयबी शाळा आहेत, पण त्यातल्या बहुतेक मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली अशा महानगरांत एकवटल्या आहेत.

म्हणजे कोल्हापूरच्या बहुतेक कुटुंबांसाठी आयबी निवडणं याचा अर्थ सोळाव्या वर्षी मूल घराबाहेर पाठवणं असा होतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, ती बाहेरगावच्या मुलांना इथे येऊन शिकता यावं म्हणून. इथे प्रवास उलट्या दिशेने आहे.

विषय कसे असतात?

अकरावी सायन्सला आपण आधी शाखा निवडतो आणि मग त्या शाखेतले विषय. आयबीत शाखाच नाहीत. सहा गट आहेत:

- भाषा आणि साहित्य, म्हणजे ज्या भाषेवर मुलाची पकड आहे ती
- दुसरी भाषा
- मानव्यविद्या आणि समाजशास्त्रं, उदाहरणार्थ इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र
- विज्ञान
- गणित
- कला

प्रत्येक गटातून एक असे सहा विषय घ्यायचे. कला नको असेल तर त्या जागी आधीच्या गटांतला आणखी एक विषय चालतो. सहापैकी साधारण तीन विषय हायर लेव्हलला, म्हणजे प्रत्येकी 240 तासांचे, आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे प्रत्येकी 150 तासांचे.

याचा अर्थ इंजिनीअर होऊ पाहणाऱ्या मुलालाही अर्थशास्त्र किंवा इतिहास घ्यावा लागतो. आणि साहित्य आवडणाऱ्या मुलीला गणित सोडता येत नाही. आयबीला 'व्यापक' म्हणतात ते यामुळे. केंब्रिजच्या ए लेव्हलशी तुलना केली तर हा फरक जास्त स्पष्ट होतो. तिथे मुलं साधारण तीन-चार विषयच घेतात आणि त्यात खोल जातात.

सहा विषयांशिवाय तीन गोष्टी सक्तीच्या आहेत.

पहिली, थिअरी ऑफ नॉलेज. आपल्याला जे माहीत आहे ते खरं कशावरून, हे तपासायला शिकवणारा विषय. दुसरी, एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः निवडलेल्या प्रश्नावर जास्तीत जास्त 4,000 शब्दांचा संशोधन निबंध. तिसरी, कॅस, म्हणजे कला, शारीरिक उपक्रम आणि समाजकार्य.

कोल्हापूरच्या मुलाला यात काय करता येईल?

2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि वाद झाला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.

आता प्रश्न असा की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या डिझाइनचा मालक कोण? मानांकनामुळे कारागिराच्या हातात प्रत्यक्ष किती पैसे पडतात? पहिला प्रश्न थिअरी ऑफ नॉलेजच्या वर्गात शोभेल, दुसऱ्यावर अर्थशास्त्राचा एक्स्टेंडेड एसे होऊ शकतो.

पंचगंगेचं पाणी कुठल्या घाटावर किती प्रदूषित आहे, 2019 आणि 2021 च्या पुराने शिरोळ तालुक्यातली पीकपद्धत बदलली का, हुपरीच्या चांदी उद्योगाचं अर्थकारण कसं चालतं, हे सगळे विषय अभ्यासाला घेता येतील. सतरा वर्षांच्या मुलाने प्रश्न स्वतः ठरवायचा, माहिती गोळा करायची, मर्यादा मान्य करायच्या आणि निष्कर्ष लिहायचा. आपल्याकडे अनेकांच्या वाट्याला हे काम पहिल्यांदा येतं ते एमएला किंवा पीएचडीला.

आयबीची खरी ताकद ही आहे. आणि अडचणही इथेच सुरू होते.

गुण कसे मोजतात?

प्रत्येक विषयाला 7 पैकी गुण. सहा विषयांचे 42. थिअरी ऑफ नॉलेज आणि एक्स्टेंडेड एसेचे मिळून 3. एकूण 45.

डिप्लोमा मिळायला किमान 24 गुण लागतात, पण तेवढं पुरेसं नाही. एसे किंवा थिअरी ऑफ नॉलेजमध्ये सर्वांत खालची श्रेणी मिळाली किंवा कॅस पूर्ण झालं नाही, तर गुण कितीही असले तरी डिप्लोमा मिळत नाही.

इथे कोल्हापूरच्या पालकांची एक गल्लत होऊ शकते. आपल्याला 90 टक्क्यांची सवय. पण 45 पैकी 36 म्हणजे 80 टक्के, असा सरळ हिशेब इथे लागू होत नाही. कोविडची वर्षं सोडली तर आयबीची जागतिक सरासरी 30 च्या आसपास असते. 36 हा चांगला निकाल आहे. भारतात प्रवेश घेताना या गुणांचं टक्क्यांत रूपांतर ठरलेल्या तक्त्याने होतं, घरच्या कॅल्क्युलेटरवर नाही.

भारतात हा डिप्लोमा चालतो का?

चालतो. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययूने 1983 पासून आयबी डिप्लोमाला विद्यापीठ प्रवेशासाठी मान्यता दिली आहे. अनेक ठिकाणी बारावीशी समकक्ष असल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. परदेशी पात्रतांच्या समकक्षतेबद्दल यूजीसीनेही 2025 मध्ये नवे नियम काढले आहेत. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचा नियम पाहायचा, दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने काय केलं ते नाही.

मान्यता हा प्रश्न फारसा कठीण नाही. कठीण आहेत ते विषयांची जुळणी, वेळापत्रक आणि राज्याचा कोटा.

डॉक्टर व्हायचं असेल तर?

आपल्याकडे एमबीबीएससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, आणि निवड होते नीटच्या गुणांवर.

आयबीच्या नेहमीच्या रचनेत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी ही तीनही विज्ञानं एकत्र बसत नाहीत. विज्ञान गटातून एक आणि कलेच्या जागी दुसरं, अशी दोनच बसतात. तिसऱ्यासाठी समाजशास्त्रांचा गट सोडावा लागतो आणि त्याला आयबीची खास परवानगी लागते. विद्यापीठाच्या प्रवेशाची अट म्हणून ती मिळू शकते, पण शाळेने ती सुरुवातीलाच मागायला हवी. पहिलं वर्ष संपल्यावर हे लक्षात आलं तर फार उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण कोट्याची. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमधल्या 85 टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात. त्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. कोल्हापूरहून बंगळूर जवळ वाटतं म्हणून मुलाला तिथल्या आयबी शाळेत घातलं, तर राज्य कोट्याचं दार बंद होऊ शकतं. नियमाला थोडे अपवाद आहेत, पण बहुसंख्य कुटुंबं त्यात बसत नाहीत.

तिसरी अडचण तारखांची. आयबीच्या मे सत्रातल्या लेखी परीक्षा एप्रिलच्या शेवटापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे आयबीचे पेपर चालू असतानाच नीट.

हे सगळं जमवणारी मुलं आहेत. पण ज्या मुलाचं डॉक्टर व्हायचं पक्कं आहे आणि जे भारतातच शिकणार आहे, त्याच्यासाठी आयबी हा वळसा आहे.

आणि इंजिनीअरिंग?

इथे विषयांची जुळणी सोपी आहे. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित नेहमीच्या रचनेत बसतं. पण गणिताचे दोन प्रकार आहेत. एक 'ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस', ज्यात कॅल्क्युलस आणि बीजगणितावर भर आहे. दुसरा 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन', ज्यात संख्याशास्त्र आणि प्रत्यक्ष वापरावर भर आहे. परदेशातली अनेक नावाजलेली इंजिनीअरिंग विद्यापीठं पहिला प्रकार, तोही हायर लेव्हलला मागतात. नावं सारखी वाटतात म्हणून मुलं चुकीचा प्रकार घेतात आणि दोन वर्षांनी अर्ज भरताना अडकतात.

एमएचटी-सीईटीत साधारण 20 टक्के भर अकरावीच्या आणि 80 टक्के बारावीच्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतो. आयबीच्या मुलाला तो अभ्यास वेगळा करावा लागतो. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते. नेमक्या त्याच काळात आयबीच्या दुसऱ्या वर्षाची प्रकल्पांची कामं जमा करायची असतात आणि लेखी परीक्षा तोंडावर असते.

शिवाय मे सत्राचा निकाल लागतो जुलैच्या सुरुवातीला. परदेशी विद्यापीठं शाळेने दिलेल्या अंदाजित गुणांवर आधीच प्रवेश देऊन ठेवतात. आपल्या प्रवेश फेऱ्यांत मात्र मूळ निकाल मागितला जातो, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ ठरलेलीच.

मग आयबी कुणासाठी?

तीन प्रकारच्या मुलांना याचा खरा उपयोग होतो.

एक, ज्यांचं पदवीसाठी परदेशी जायचं ठरलं आहे आणि त्यासाठी पैशांची किंवा शिष्यवृत्तीची वाट दिसते आहे. दोन, ज्यांना भारतातच पण प्रवेश परीक्षेच्या शर्यतीबाहेरचं शिक्षण हवं आहे, उदाहरणार्थ अर्थशास्त्र, डिझाइन, सार्वजनिक धोरण किंवा खासगी विद्यापीठांतल्या लिबरल आर्ट्सच्या पदव्या. तीन, ज्यांना अनेक विषयांत गोडी आहे आणि सोळाव्या वर्षी एकच वाट निवडायची नाही.

याच्या उलट, मूल गोंधळलेलं आहे म्हणून आयबी, हे कारण धोक्याचं. सहा विषय, प्रत्येकाचं अंतर्गत काम, एसे आणि कॅस हे सगळं सांभाळायला वेळेची शिस्त लागते. आदल्या महिन्यात गाईड वाचून इथे पास होता येत नाही.

सेमी इंग्लिशच्या मुलांना झेपेल का?

कोल्हापूर जिल्ह्यात सेमी इंग्लिशची मुलं भरपूर आहेत. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. या मुलांना आयबीचं विज्ञान फारसं जड जात नाही. जड जातं ते इतिहास-अर्थशास्त्राचं लिखाण. पानभर मुद्देसूद इंग्रजीत मत मांडायची सवय नसते.

यावर आयबीत एक वाट आहे, ती फार कमी पालकांना माहीत असते. मातृभाषेचं साहित्य शिकवायला शाळेत शिक्षक नसला तरी शाळेच्या देखरेखीखाली स्वअध्ययनाने ते स्टँडर्ड लेव्हलला घेता येतं. मग इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून घेता येते. मराठीसाठी ही सोय मिळेल का, हे प्रवेशाआधी शाळेला विचारून घ्या. मिळाली तर मुलाला एका विषयात घरचं मैदान मिळतं.

पैशांचं काय?

आयबी शाळांची फी वर्षाला काही लाखांपासून दहा लाखांच्या पुढेही जाते. त्यात वसतिगृह, परीक्षा शुल्क, लॅपटॉप आणि प्रवास धरायचा. दोन वर्षांचा आकडा मांडला की मध्यमवर्गीय घरात चर्चा तिथेच थांबते.

पण खर्च दोन वर्षांत संपत नाही. आयबीचा सगळ्यात जास्त फायदा परदेशी पदवीसाठी होतो, आणि ती पदवी त्याहून महाग असते. पहिला टप्पा कर्ज काढून पार केला आणि दुसऱ्यासाठी पैसे उरले नाहीत, तर मूल पुन्हा सीईटीच्या रांगेत येतं, तेही वेगळा अभ्यासक्रम शिकून.

राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अनेकांना आधार वाटतो. पण अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ती योजना पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतरच्या पदवीचा खर्च त्यावर धरू नका.

साधारण परिस्थितीतल्या हुशार मुलासाठी एक वाट खरोखर आहे, ती युनायटेड वर्ल्ड कॉलेजची. जगभरात त्यांची 18 महाविद्यालयं आहेत. निवड भारतातल्या राष्ट्रीय समितीमार्फत होते आणि आर्थिक मदत कुटुंबाची गरज पाहून दिली जाते. मुळशीचं कॉलेज त्यापैकीच एक. जागा कमी आणि स्पर्धा मोठी आहे. पण अर्ज दहावीच्या निकालानंतर नाही, बऱ्याच आधी भरावा लागतो. निकालाच्या दिवशी शोधाशोध सुरू करणाऱ्याची ती गाडी चुकलेली असते.

राज्य मंडळातच असं काही मिळणार का?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधल्या भिंती पाडायची भाषा केली. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा आणि किमान दोन वेगळ्या गटांतले चार विषय असं सुचवलं आहे. ही कल्पना आयबीच्या बरीच जवळची आहे.

पण आराखडा कागदावर येणं आणि गडहिंग्लजच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्ससोबत इतिहासाचा तास लागणं, यात मोठं अंतर आहे. त्याला शिक्षक लागतात, वेळापत्रक लागतं. आणि प्रवेश परीक्षांनी नुसत्या तीन विषयांवर निवड करणं सुरूच ठेवलं, तर चौथा विषय कितीही चांगला असला तरी मुलं त्याला वेळ देणार नाहीत.

महाराष्ट्राने स्वतःचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळही काढून पाहिलं होतं. जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या गेल्या. सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ते मंडळ गुंडाळलं गेलं. व्यापक शिक्षण सरकारी शाळेत देता येतं का, या प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधीच प्रयोग थांबला. त्यामुळे आज तरी हे शिक्षण ज्याच्या खिशात पैसे आहेत किंवा ज्याला शिष्यवृत्ती मिळाली आहे, त्याच्यापुरतंच उरलं आहे.

ठरवण्याआधी शाळेला काय विचारायचं?

- शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे म्हणजे ती आयबी असतेच असं नाही. आयबीच्या अधिकृत संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधा.
- मान्यता डिप्लोमाची आहे की फक्त प्राथमिक वर्गांची? 'कँडिडेट स्कूल' म्हणजे मान्यतेच्या वाटेवर असलेली शाळा, मान्यता मिळालेली नव्हे.
- गेल्या तीन वर्षांत किती मुलं डिप्लोमाला बसली, किती पास झाली आणि सरासरी किती? फक्त 45 पैकी 45 वाल्याचा फ्लेक्स पाहू नका.
- हवे ते सहा विषय तुमच्या मुलाच्या वेळापत्रकात खरंच बसतात का? लेखी घ्या.
- शाळेतली किती मुलं भारतात शिकायला राहिली आणि त्यांना समकक्षतेसाठी शाळेने काय मदत केली?
- मध्येच सोडून राज्य मंडळात परत यायचं झालं तर काय? अकरावीनंतर ही वाट फार अरुंद होते.

आणि एक प्रश्न घरात विचारायचा. पदवी कुठे करायची आहे? त्याचं उत्तर 'इथेच, नीट किंवा सीईटीने' असं असेल, तर अकरावी सायन्स हाच सरळ आणि स्वस्त रस्ता आहे. उत्तर वेगळं असेल, तर आयबीचा विचार जरूर करावा, पण तो दहावीचं वर्ष सुरू होतानाच.

आणि आयबी परवडत नसेल, तरी त्यातली एक गोष्ट फुकट घेता येते. अकरावीच्या सुट्टीत मुलाला पंचगंगेवर, चप्पल लाईनीत किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत पाठवा. त्याला पडलेल्या एका प्रश्नावर स्वतः माहिती गोळा करून दहा पानं लिहायला सांगा. मराठीत लिहिली तरी चालतील.